मोरेश्वर आधी खात्री करायचा

पाणी खाटेच्या पायांवर चढत होतं. कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन मी खाटेवर बसले होते, आणि शेजारी मोरेश्वर फोनवर बहिणीला विचारत होता, "मोठा आर की छोटा?"

"मोऱ्या, पाठव मेल्या! मी बुडते इथं."

"काकी, समोरचा कोन ते कळल्याबिगर नाय पाठवायचं."

मोरेश्वर आमच्या होळीतला, म्हणजे आळीतला, माझा शेजारी. मुंबईत कॉम्प्युटरवर नोकरी करून निवृत्त झालेला. बायको नाही, पोर नाही, संशय भरपूर. मी दार वाजवलं तरी आतून विचारायचा, "कोन?"

"तुझी काकी, दळभद्र्या!"

"आवाज कोनपन काढतो. सासऱ्याचं नाव सांग."

त्याने आम्हा म्हाताऱ्यांकडून लग्नातले धवले म्हणवून घेऊन कॉम्प्युटरात भरले होते. पुढे बहुतेक जणी मेल्या. गाणी तेवढ्या एका डब्यात राहिली. दुसरीकडे ठेव म्हटलं, तर म्हणे, "भरोशाचं ठिकान मिळू दे." ते मिळायच्या आधी पाणी घरात शिरलं. वीज गेली, फळीवरच्या बॅटरीवर डबा चालू होता, इंटरनेट मोबाइलचं.

वटार गावात त्याची बहीण सुलभा वरच्या मजल्यावर राहायची. तिने नवा कॉम्प्युटर घेतला होता. मोरेश्वर काळ्या पडद्यावर हुकूम लिहून फायली पाठवायचा. वाटेत कोणाला उघडून बघता येत नाहीत म्हणे. पण समोर नवा कॉम्प्युटर असला की आपला कॉम्प्युटर विचारतो, ह्याला मी ओळखत नाही, पुढे जाऊ का? आणि समोरच्याच्या ओळखीची लांबलचक अक्षरं दाखवतो. लोक 'हो' लिहून मोकळे होतात. मोरेश्वर फोनवर सुलभाला विचारून एकेक अक्षर जुळवत बसला.

"पोरगी देताना घर बघतो ना आपन?"

"पानी कमरेला आलं की कोनालापन देतात!"

अक्षरं जुळेनात. "बघ, दुसराच कोनतरी हाय," असं म्हणताना त्याला केवढा आनंद! सुलभा कॉम्प्युटरच्या पाठीवर चिकटवलेला नंबर वाचत होती. तिला पडद्यावरचं वाचायला लावलं. सगळं पुन्हा पहिल्यापासून. जुळलं. त्याने 'हो' लिहिलं आणि आकडे सरकू लागले. शंभरावर पोचले तेव्हा खाट हलत होती. सुलभाने एक गाणं लावून फोनवर ऐकवलं. मीच गात होते, बेसूर.

आम्ही कसेबसे बाहेर पडलो, डबा पाण्यात गेला. मोरेश्वर मागच्या वर्षी हृदय बंद पडून गेला. धवले वटारला आहेत. ते म्हणणाऱ्यांपैकी आता मीच जिवंत आहे.