जावयाच्या पत्रावरची सही

आमच्या मराठी मंडळाचं अध्यक्षपद म्हणजे नेमकं काय ते आधी सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल एखाद्या देशाचं राज्य हाती येणार होतं. आमच्या बेटावर बों अक्योय गावाच्या पुढे, उसाच्या दोन शेतांच्या मधे एक सिमेंटचं देऊळ, त्याला लागून पत्र्याचं सभागृह, सूर हरवलेली एक हार्मोनियम, काही सतरंज्या आणि एक रबरी शिक्का. एवढ्याचा अध्यक्ष. पण त्या जागेपायी चांगली शहाणीसुरती माणसं वर्ष-वर्ष एकमेकांच्या लग्नाला जात नसत, आणि गेलीच तर पानाला हात लावत नसत.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं तेव्हा माझे वडील त्या जागेसाठी उभे राहिले. आधीचे अध्यक्ष वारले होते, वडील उपाध्यक्ष होते, तेव्हा निवडणुकीपर्यंत सही त्यांची चालायची आणि शिक्का आमच्याच कपाटात, धोतरांच्या खाली ठेवलेला असायचा. वडील जुन्या वळणाचे. देवळात क्रेओल, म्हणजे बेटावरची रोजची बोली, बोलायची नाही, बायकांनी पुढे बसायचं नाही, गणपती डोक्यावरूनच न्यायचा, लॉरीत घालायचा नाही, लग्नघरात कोंबडं शिजायचं नाही. घरी मात्र त्यांना राग आला की शिव्या अस्खलित क्रेओलमध्ये यायच्या. तरीही लोक त्यांना मानत, कारण मनात येईल ते माणसाच्या तोंडावर बोलायची त्यांची सवय होती. निदान तोवर होती.

माझा नवरा सांगलीकडचा. साखर कारखान्यात नवी यंत्रं बसवायला इंडियातून चार माणसं आली, त्यातला एक. काम संपलं तसे तिघे परत गेले, हा माझ्यासाठी राहिला आणि त्याच कारखान्यात फिटर म्हणून लागला. वडिलांनी लग्न दणक्यात लावून दिलं. आमचे पणजोबा बोटीवर चढले त्याला शंभर वर्षं होऊन गेली होती, आणि तेवढ्या वर्षांनी थेट तिकडून जावई आणला म्हणून वडील महिनाभर छाती काढून हिंडत होते. आमच्याकडे एका घरचा जावई तो सगळ्या गावाचा जावई, त्यामुळे गावानंही हौस फेडून घेतली. रस्त्यात अडवून त्याला उखाणा घ्यायला लावायचे. तो संध्याकाळी देवळात मुलांना मराठी शिकवू लागला, फुकट, तेव्हा तर सगळे फारच खूश झाले.

ते किती दिवस टिकलं म्हणता? पोरं घरी जाऊन बापाचं बोलणं दुरुस्त करायला लागेपर्यंत. सरकारी शाळेत मराठी शिकवायच्या जागा निघत होत्या आणि गावातल्या प्रत्येक मॅट्रिक पास मुलाचा बाप त्या जागेकडे डोळे लावून बसला होता. माझ्या नवऱ्याने त्या जागेसाठी अर्ज केला नव्हता, करणारही नव्हता, त्याला यंत्रातच गोडी. पण 'इंडियावाला आमच्या पोरांच्या तोंडचा घास काढणार' हे एकदा कुणीतरी बुतिकात, वाण्याच्या दुकानात, म्हटलं आणि मग ते सगळ्यांना आधीपासूनच ठाऊक होतं.

त्यातच कायदा बदलला. परदेशातली बायको आणली तर ती राहू शके. परदेशातला नवरा असला तर त्याने परवाना मागायचा, आणि परवाना द्यायचा की नाही ते वरच्यांच्या मर्जीवर. म्हणजे माझ्या भावाने सांगलीची मुलगी आणली असती तर ती या मातीची झाली असती, पण मी आणलेला पुरुष पाहुणा. ज्यांनी हे ठरवलं त्यांच्या अकलेबद्दल माझं जे मत तेव्हा झालं ते अजून बदललेलं नाही. राजधानीत, पोर्ट लुईच्या कचेरीत, कारकून म्हणाला, अर्जाबरोबर तुमच्या समाजाच्या मंडळाचं एक पत्र जोडा, अध्यक्षाची सही आणि शिक्का असू दे, त्याने वजन पडतं. अर्जाला तीन महिने मुदत होती. परवाना नाही मिळाला तर नवऱ्याने देश सोडायचा, आणि मी दोन वर्षांच्या मुलीला घेऊन त्याच्या मागे जायचं किंवा इथेच राहायचं, तो माझा प्रश्न.

वडिलांच्या विरुद्ध उभा होता लालमती गावचा एक दुकानदार. त्याचं एकच भाषण होतं आणि ते तो साबण तोलतानाही करायचा. बाहेरचे आले, आणखी येणार, आपली पोरं उपाशी मरणार. या गृहस्थाचे दोन मुलगे पॅरिसात एका खानावळीत भांडी घासत होते, कागदपत्रांशिवाय. उसन्या कोटातले त्यांचे फोटो त्याने गल्ल्यामागे लावले होते. थोरल्याची बायको त्याने रत्नागिरीहून आणली होती, ती त्याच फोटोंखाली बसून डाळ विकायची. पण ती सून, ती चालते. आणि ऐकणारे तरी कोण? बोटीतून उतरवून, नंबर देऊन, उसात जुंपलेल्यांची पतवंडं. ती माना डोलवायची. मला तेव्हा त्या मानांची किळस यायची. आताही फारसं प्रेम नाही.

मी शिक्क्याबद्दल वडिलांना विचारलं त्या सकाळी ते दाढी करत होते. एक क्षणही न थांबता म्हणाले, "काढ कपाटातून. आज सही करतो, आन रविवारी सभेत उभा राहून सांगतो, माझा जावय हाय, मी सही केली. ज्याला मत द्यायचं त्यानं द्यावं, नाय त्यानं जावं घरी."

आणि मी, गावात सगळ्यात हुशार म्हणवणारी, शाळेत पहिला नंबर आलेली मी, म्हणाले, "बाबा, आत्ता नको. तुम्ही हरलात तर शिक्का त्याच्याकडे जाईल, आणि तो वर लिहून कळवेल की हे पत्र खोटं. आधी निवडून या. तोवर कुणाला दुखवू नका, काहीतरी मधलं बोला. मग सही करा."

त्यांनी वस्तरा खाली ठेवला. गालावरचा फेस सुकला. मग म्हणाले, "तू शिकलेली हायस."

माझा सल्ला त्यांना मानवला तो असा मानवला की आठ दिवसांत ते तो स्वतःचाच विचार समजू लागले. ज्या माणसाने जन्मभर हो किंवा नाही याच्या पलीकडे शब्द वापरला नव्हता, तो आता घरोघरी जाऊन गुळमुळीत बोलू लागला. बाहेरच्याला दार बंद करू नये, पण दार सताड उघडंही ठेवू नये. बाहेरच्याने राहावं, पण मंडळात मत मागू नये. मुलांना शिकवावं, पण शिकवण्याची नोकरी धरू नये. गणपतीला यावं, पण पहिल्या आरतीला मागे उभं राहावं. असं प्रत्येक घरी एक अट वाढत गेली, कारण प्रत्येक घरी कुणीतरी नाक मुरडायचं आणि वडील लगेच एक 'पण' जोडायचे. अर्धवट उघडं दार कोंबड्यांना बरं. माणसाने त्यातून आत कसं यायचं आणि बाहेर कसं जायचं ते मला कधी कळलं नाही. माझा नवरा तेव्हा कारखान्यातून यायचा, हात धुवायचा आणि सासऱ्याच्या समोर बसून जेवायचा. त्याच्या कानावर सगळं येत होतं. एकदा फक्त म्हणाला, "मामा, आरतीला मी मागे उभा राहीन. त्यात काय."

वडील ताटाकडे बघत जेवत राहिले. मला त्यांची लाज वाटली, आणि लाज वाटते आहे हे त्यांना दिसावं म्हणून मी भात जरा आपटूनच वाढला.

आमच्याकडे मत कागदावर देत नसत. सभागृहात दोन सतरंज्या, दोन उमेदवार तोंड समोर करून बसायचे, आणि प्रत्येक घरच्या कर्त्याने उठून आपल्या माणसाच्या पाठीमागे जाऊन बसायचं. मग दोन म्हातारे डोकी मोजायचे. बायकांना मत नाही, बायका मागच्या पडवीत चहा करत आणि गातो पिमां, डाळीचे तिखट वडे, तळत. तिथून आत सगळं दिसायचं. मी झारा हातात घेऊन बघत होते.

पहिल्यांदा वडिलांच्या मागे चांगली गर्दी झाली, दुकानदाराच्या मागे कमी. माझ्या मनात आलं, बघा, जमलं. तेवढ्यात दुकानदार उठून उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, एक विचारू? तुझ्या जावयाचं पत्र हाय. तू सही करनार का नाय करनार? एका शब्दात सांग. सगळे ऐकतात."

पत्र्यावर ऊन तापत होतं. वडिलांनी घसा साफ केला. मला वाटतं त्यांनी पडवीकडे एकदा पाहिलं. मग ते म्हणाले, "तसा अर्ज मंडळाकडे आला म्हंजे आपण एक समिती नेमू. समिती ठरवेल. कुनावर अन्याय नको, आन उगाच घाई पन नको."

मागे बसलेल्यांपैकी एक म्हातारा उठला, धोतर झटकलं आणि समोर जाऊन बसला. मग दुसरा. ज्यांना बाहेरचे नको होते ते गेले, कारण हा मऊ पडला होता. आणि ज्यांची पोरं माझ्या नवऱ्याकडे शिकत होती त्यांतले काही उठले आणि कुणाच्याच मागे न बसता दारातून सरळ बाहेर पडले, चप्पल घालून बसच्या रस्त्याला लागले. माझ्या कढईतलं तळण करपलं. मोजणी झाली तेव्हा वडील सात घरांनी हरले होते.

संध्याकाळी दुकानदाराचा माणूस येऊन शिक्का घेऊन गेला. वडिलांनीच धोतरं बाजूला करून तो काढून दिला. मुदतीला पंधरा दिवस उरले होते. त्या पंधरवड्यातलं माझं घरातलं वागणं आठवलं की मला स्वतःचा राग येतो. मी वडिलांशी बोलणं टाकलं. त्यांना ऐकू जाईल अशा बेताने शेजारणीला म्हणायचे, काही माणसांना पाठीचा कणा देताना देव विसरतो. नवऱ्याने पत्र्याची पेटी खाली काढून पुसून ठेवली होती. मुलगी तिच्यात आपल्या बाहुल्या ठेवायची, आणि तो त्या हळूच काढून बाहेर ठेवायचा.

दहाव्या दिवशी, भर दुपारी, दुकानदार स्वतः आमच्या दारात आला. शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि माझ्या नवऱ्याच्या हातात दिला. पत्र होतं. हा गृहस्थ माझ्या ओळखीचा आहे, सज्जन आहे, समाजाच्या उपयोगाचा आहे, अशा चार ओळी, खाली सही, आणि त्यावर आमच्या कपाटातून गेलेला शिक्का.

मी विचारलं, "तुम्ही कशी काय सही केलीत? एवढं सगळं बोललात ना?"

"वोट फिनी," तो म्हणाला. "संपलं ते. मला काय तुझ्या नवऱ्याचं वाकडं करायचं हाय? माजी पन पोरं बाहेर हायत." आणि खुर्ची ओढून बसला, आणि चहा मागितला. त्या माणसाचा जेवढा तिरस्कार करावा तेवढा थोडा, पण मी चहा केला. दोन चमचे साखर घालून, चांगल्या कपात.

वडील व्हरांड्यात बसले होते. चहा पिऊन झाल्यावर दुकानदार त्यांच्याकडे वळला. आवाजात चिडवणं नव्हतं, तेच मला जास्त लागलं. म्हणाला, "राग मानू नको भाऊ. तू त्या दिवशी 'हो, करनार' म्हटला असतास ना, तर मी हरलो असतो. मला म्हाईत होतं. तुझे लोक माझ्याकडं आले ते काय माझ्यासाठी आले नाय. ते म्हनत होते, हा सोताच्या जावयाचा झाला नाय, तर आपला काय होनार."

माझा नवरा पत्र हातात धरून उभा होता. तो कधी सासऱ्याला उलट बोलला नव्हता, पण त्या दिवशी बोलला. "मामा, माझं राहू द्या. पण तुमच्या मुलीसाठी तरी, शिक्का घरात होता तेव्हा पहिल्याच दिवशी सही का नाही केलीत?"

मी दारात होते. वडिलांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाले, "माझीच बुद्धी फिरली. अध्यक्ष व्हायची हाव सुटली मला."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी रिकामे कप उचलले आणि आत जाऊन विसळत बसले.

परवाना मिळाला. आम्ही राहिलो. वडील त्यानंतर सात वर्षं जगले, आणि माझा नवरा त्या सात वर्षांत त्यांच्याशी कामापुरतंच बोलला.