अन्नपूर्णेने चुकवलेला शनिवार

प्रयोगशाळेत तिला सगळे अन्नपूर्णा म्हणत. कारण साधं होतं. विद्यापीठाच्या कर्करोग विभागात बाटल्यांमध्ये वाढणाऱ्या पेशींना वेळच्या वेळी खाऊ घालायचं काम तिचं. गुलाबी पोषक द्रव अंगाइतका कोमट करायचा, जुना काढून घ्यायचा, नवा अलगद सोडायचा. पेशींना रविवार कळत नाही, म्हणून तो तिलाही नसे. नवरा म्हणे, घरच्यांपेक्षा बाटलीतल्यांचेच लाड जास्त. ती हसण्यावारी नेई.

थोरल्या जाऊबाईंच्या छातीत गाठ निघाली आणि ते हसू आटलं. ऑपरेशन विद्यापीठाच्याच रुग्णालयात झालं. त्याच दुपारी छातीतल्या एका गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत आला. बाटलीवर नाव नसतं, नुसता नंबर. कुणाचा तुकडा, हे विचारायचं नसतं. तिने विचारलं नाही. पण त्या दिवशी ऑपरेशन झालेल्या बायका काही ढीगभर नसणार, आणि मनाला कोण आवरणार?

आता पंचाईत अशी, की विभागातल्या सगळ्यांचा एक अनुभव होता. ज्या गाठीच्या पेशी बाटलीत चटकन रुजतात, ती गाठ सहसा वाईट जातीची निघते. विभागप्रमुख सरांना पेशी रुजायला हव्या होत्या, त्यांच्यावर औषधं तपासायची होती. हिला त्या मरायला हव्या होत्या, आणि खाऊ मात्र हिनेच घालायचा. सकाळी पर्स टेबलावर टाकली की ती आधी मायक्रोस्कोपला डोळा लावी. जगलेल्या पेशी तळाला चिकटतात, मेलेल्या सुटून तरंगतात. चार-दोन जरी चिकटलेल्या दिसल्या तरी त्या पुन्हा पुन्हा मोजी. जाऊबाई घरी आल्यावर विचारू लागल्या, एवढी का गप्प. कामाचा ताण सांगून तिने वेळ मारून नेली, पण डोकं काही थाऱ्यावर नव्हतं.

शनिवारी द्रव बदलायचा होता, पुढची पाळी एकदम सोमवारी. ती तयार झाली, चपला घातल्या आणि दारातूनच परत फिरली. डोकं दुखतंय म्हणाली. जाऊबाईंनी उठून तिच्या कपाळाला बाम चोळला, एकाच हाताने, कारण दुसरा अजून वर जात नव्हता.

सोमवारी बाटलीत सगळं तरंगत होतं. तळ रिकामा. सर जरा खट्टू झाले, मग म्हणाले, सगळ्याच कुठे रुजतात, टाकून द्या. तिला इतका आनंद झाला, की तो लपवायला ती पाठमोरी होऊन उगाच काचसामान आवरत बसली.

आनंद बसस्टॉपपर्यंत टिकला. मग शनिवार आठवला. एक खेप चुकली म्हणून पेशी मरतातच असं नाही. पण नवख्या, नाजूक असल्या तर मरतातही. या आपल्या मरणाने मेल्या, की हिने उपाशी ठेवल्या म्हणून? एवढ्या एका खुणेवर सगळी आशा ठेवली होती, आणि तीच तिने आपल्या हाताने पुसून टाकली होती. स्वतःचा असा राग तिला कधी आला नव्हता. बस आली, गेली, ती तिथेच येरझारा घालत राहिली.

घरी पोहोचली तर जाऊबाई दारातच उभ्या.

"तू तिथली माणूस, तुला कळतं," त्या हळूच म्हणाल्या. "घरात कुणी नाहीये. खरं सांग, मी वाचेन ना?"

धीराचे चार शब्द तिच्या ओठावर आले आणि तिथेच अडले.

"मला माहीत नाही, जाऊबाई."

जाऊबाईंनी तिच्या हातातली पर्स काढून घेतली.

"एवढी वर्षं तिथे काढलीस," त्या म्हणाल्या, "आणि एवढंही कळू नये?"