ओठ न हलवता दिलेला पेपर

मानसी राऊळचं तोंड झोपेतसुद्धा चालू असतं, असं तिचा नवरा देवेश सांगतो. भटवाडीतल्या त्यांच्या चाळीत कोण काय बोललं हे कळायला त्या माणसाला भेटावं लागत नाही, मानसीला भेटलं की पुरतं. ती नुसतं सांगत नाही, ती तो माणूसच होते. गॅसवाला येऊन गेला की ती त्याच्यासारखी दम खात "भाभी, तिसरा माला पण असता तर मेलो असतो" म्हणणार, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा घसा खाकरून झाल्याशिवाय मीटिंगचा एक शब्द सांगणार नाही.

असल्या बाईला काम मिळालं तेही फोनवरचं. अंधेरीच्या एका आयटी कंपनीत ती हेल्पडेस्कला. कानाला हेडफोन, पलीकडे कुणीतरी वैतागलेलं. "सर, बंद करून परत चालू केलंत का? नाही सर, स्क्रीन नाही, डबा. खालचा डबा. त्याच्यावर पाय ठेवलाय? मग पाय काढा आधी."

बोलायला तिची ना नव्हती. दुखणं वेगळंच होतं. बिघाड कुठला असेल याचा अंदाज बांधायचा मानसीने, आणि कपाट उघडून त्या तारांच्या जंजाळात हात घालायचा मान मात्र नेटवर्क टीमचा! तिने फक्त म्हणायचं, "आपली तक्रार पुढे पाठवली आहे." हे वाक्य इतकी वर्षं म्हणून ते जिभेला असं चिकटलं होतं की एकदा घरी दूध उतू गेलं तेव्हा सासूबाईंना ती तेच म्हणाली.

आणि एक दिवस नेटवर्क टीममध्ये जागा निघाली.

"एकच जागा आहे," इरावती मॅडम म्हणाल्या. त्या मॅनेजर. त्यांचं प्रत्येक वाक्य इस्त्री करून येतं. "सर्टिफिकेट लागेल. आणि खरं लागेल."

'खरं' म्हणताना त्यांनी नेटवर्क टीममधल्या सुयोगकडे बघितलं. सुयोगने पटकन चहात बघितलं.

सुयोगचं सर्टिफिकेट डम्पचं होतं. डम्प म्हणजे चोरून बाहेर आलेले प्रश्न, उत्तरांसकट. पठ्ठ्याने ते घोकले, पेपर ठोकला, सर्टिफिकेट फ्रेम करून टेबलावर ठेवलं. मग पवईच्या एका क्लायंटकडे जाऊन त्याने एकाच तारेची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या तारा जोडायच्या डब्यात, खुपसली. तार स्वतःशीच गोल गोल बोलत बसली आणि अख्ख्या ऑफिसचं नेटवर्क आडवं. क्लायंटने कळवलं, असले कागद घेऊन माणसं पाठवू नका. तेव्हापासून नियम कडक. आधी इरावती मॅडमसमोर खराखुरा बिघाड काढून दाखवायचा, मग कॅमेऱ्यासमोर पेपर.

"तरी सांगतो, डम्प घे ना यार," सुयोग म्हणाला. "डोक्याला ताप नाही."

"तुझ्यासारखं करू? तुला तर क्लायंट आता वायफायचा पासवर्डपण देत नाही."

"ते पण आहेच," सुयोग म्हणाला. "माझं सर्टिफिकेट म्हणजे लग्नातला फेटा गं. एक दिवस मिरवला, आता कुणी विचारत नाही."

बिघाड काढायची परीक्षा मानसीने बडबडत बडबडत पार पाडली. तारांशी बोलली, स्विचला दम दिला, सापडला बिघाड. उरला पेपर. तो घरूनच द्यायचा होता, लॅपटॉपसमोर बसून, आणि कॅमेऱ्यातून लांब कुठूनतरी एक तपासनीस सगळा वेळ बघत राहणार. खोलीत दुसरं कुणी नको, बाहेरून आवाज नको. हे सगळं वाचून होईपर्यंत मानसी खुशीत होती. मग पुढची ओळ आली. परीक्षार्थीने ओठ हलवू नयेत.

"वाट लागली," मानसी म्हणाली.

कारण तिचं डोकं तोंडाने चालतं. प्रश्न मोठ्याने वाचल्याशिवाय तिला कळत नाही, आणि नुसता वाचूनही भागत नाही. तो प्रश्न ऑफिसातल्या कुणाच्या तरी आवाजात यावा लागतो. कॉम्प्युटरला नेटवर्कचा पत्ता मिळत नाही, असा प्रश्न? मग ते अकाउंट्सच्या शर्मिष्ठा मॅडमच्या नाकातून यायला हवं: "माझं इंटरनेट गेलंय, पण मी कश्शाला हात लावलेला नाही हं!" की लगेच उत्तर हजर.

सराव घ्यायला सासूबाई पुढे सरसावल्या. वनमालाबाई राऊळ, मूळच्या कुडाळकडच्या. कॉम्प्युटरमधलं त्यांना काही कळत नाही, पण गप्प कसं बसवायचं हे कळतं. त्या लाटणं घेऊन समोर बसल्या.

"हललो! ओठ हललो!"

"आई, मी जांभई दिली."

"जांभयेत 'राउटर' म्हणतत काय गो?"

मग वनमालाबाईंनी युक्ती काढली. तोंडात पाणी भरून बसायचं. पाणी गिळलं की चूक. पहिल्या दिवशी मानसी कळशीभर पाणी प्यायली. हळूहळू एक एक प्रश्न गाल फुगवून निघायला लागला. आवाज आत, ओठ बंद. शर्मिष्ठा मॅडम आता तिच्या कपाळात बोलू लागल्या.

परीक्षेचा रविवार आला. देवेशला चेंबूरला बहिणीकडे पाठवलं, कारण तो शिंकतो. वनमालाबाई बाहेर गॅलरीत स्टुलावर बसल्या, दाराला पाठ लावून.

"चिडीचूप ठेवतंय बघ सगळ्यांका," त्यांनी वचन दिलं.

लॅपटॉपमधून तपासनीस बोलला. आवाज असा, जणू त्याला हसायची परवानगीच नव्हती. "मॅम, प्लीज शो मी द रूम." मानसीने लॅपटॉप उचलून खोली फिरवून दाखवली. टेबलाखाली दाखवलं, कान दाखवले, बाह्या वर केल्या.

"मॅम, व्हॉट इज दॅट ऑन द वॉल? इज इट अ स्क्रीन?"

"नो सर. फादर-इन-लॉ."

"प्लीज कव्हर इट."

"सॉरी हं बाबा," म्हणत मानसीने सासऱ्यांच्या फोटोवर टॉवेल टाकला.

पेपर सुरू झाला. पहिले काही प्रश्न झकास गेले. ओठ शिवल्यासारखे. पण आतले आवाज कुठूनतरी बाहेर पडणारच, ते भुवयांतून निघाले. शर्मिष्ठा मॅडम आल्या की नाकासकट भुवया वर जायच्या, इरावती मॅडम आल्या की मान ताठ.

"मॅम, आर यू सिग्नलिंग समवन?"

मानसीने भुवया खाली आणल्या आणि धरून ठेवल्या.

तेवढ्यात जिन्यात चादरीवाला ओरडला, "चद्दर, बेडशीऽऽट!" आवाज तसा लांबचा होता, चालूनही गेला असता. पण वनमालाबाईंनी वचन दिलेलं.

"ए चादरीऽऽ! गप रव मेल्या! माझी सून पेपर लिवता हा!"

कुडाळच्या शेतात या बांधावरून त्या बांधाला हाक मारून कमावलेला आवाज तो. टॉवेल हलला.

"मॅम! हू इज शाउटिंग? इज शी गिव्हिंग आन्सर्स?"

मानसीने मान जोरात हलवली. पुन्हा लॅपटॉप उचलला, पुन्हा सगळी खोली दाखवली, टॉवेल उचलून सासरेसुद्धा. मग तो म्हणाला, "लास्ट वॉर्निंग, मॅम. वन मोअर व्हॉइस अँड द एक्झाम विल बी कॅन्सल्ड."

आता मानसीला बाहेर जाता येत नाही, हाक मारता येत नाही, आणि ज्यांना गप्प करायचं त्याच राखणीला बसलेल्या. पुन्हा एकदा त्यांनी कुणाला गप्प केलं, की नेटवर्क टीम गेली. जन्मभर 'आपली तक्रार पुढे पाठवली आहे.'

आणि खालून हाक आली, "मासलीऽऽ वाऽऽव!"

मानसीने डोळे मिटले. ही माणिक कोळीण. माणिक आणि वनमालाबाई यांचं दर रविवारचं भांडण ऐकायला तिसऱ्या गल्लीतले लोक खिडक्या उघडतात. मासळीचे डोळे, कल्ले, माणिकचं खानदान, सगळं निघतं. भाव ठरेपर्यंत दोघींचे घसे बसतात आणि दोघी खूश होतात.

टोपली दाराशी टेकल्याचा आवाज आला. "काय गो आजी, काय देऊ?"

मानसी थांबली. कोळणीचा आवाज पुन्हा आला, पण आता जरा घाबरलेला. "आजी? दातखील बसली काय?"

एक अक्षर नाही. मग पिशवीची सळसळ, टोपली उचलल्याचा आवाज, पावलं दूर. मानसीने डोळे उघडले आणि अंगात वारं भरल्यासारखी उरलेल्या पेपरवर तुटून पडली. ऑफिसातली सगळी माणसं तिच्या कपाळात रांग लावून ओरडत होती आणि तिचा चेहरा भिंतीसारखा कोरा होता.

शेवटचं बटण दाबलं. स्क्रीनवर आलं: पास.

पण तपासनीस सोडेपर्यंत हलायचं नव्हतं. मानसीचे कान लाल झाले, डोळ्यांतून पाणी आलं, आयुष्यातली सगळ्यात मोठी आरोळी गळ्यापर्यंत येऊन उभी होती. "थँक यू, मॅम. यू मे गो," तो म्हणाला आणि स्क्रीन काळी झाली.

"आईऽऽऽ! झालेऽऽऽ!"

दार उघडलं तर वनमालाबाई स्टुलावर, पदराचा बोळा तोंडात, मांडीवर पिशवी. त्यांनी बोळा काढला आणि कानाच्या पाळीपर्यंत हसल्या.

"आई, तुम्हाला कळलं कसं गप्प बसायचं?"

"तो मेलो 'कॅन्सल' म्हणालो ना? गणपतीक दरवर्षी आमची तिकिटा कॅन्सल जातत. तो एक शब्द माका बरोबर कळता." मग त्यांनी पिशवी उघडून बघितली, आणि हसू मावळलं. "गो मानसी! मी बोलूक नाय म्हणान तिना माका कालचे बांगडे घातल्यान!"

दोघी गॅलरीच्या कठड्याला धावल्या. माणिक बाकीची घरं करून आता कुठे खालच्या पायरीवर पोचली होती, टोपली डोक्यावर घेत.

"माणिकऽऽ!" वनमालाबाई गरजल्या.

"माणिकऽऽ!" मानसीही गरजली, हुबेहूब त्याच आवाजात, आणि माणिकने दचकून वर बघितलं. कठड्यावर दोन वनमालाबाई उभ्या होत्या.