घरच्याची दृष्ट

आजारी दादावरून वहिनी मीठ-मिरच्या ओवाळत पुटपुटत होत्या, "घरच्याची, दारच्याची, आल्यागेल्याची..." मंत्र हा शब्द मन् या धातूतून आला, म्हणजे त्याचं मूळ मनात धरण्यात. मी धरलंय, हे आज सांगूनच टाकतो. आई गेल्याचं दादानं मला कळवलं ते तिला अग्नी दिल्यावर. तेव्हापासून माझ्या जपमाळेच्या मण्यामण्यावर देवाचं नाव नाही, 'ह्याचं वाटोळं होवो' एवढंच आहे.

निखाऱ्यावर मिरच्या जळल्या. कुणालाच ठसका लागला नाही.

"म्हणजे दृष्ट जबरी होती, भावोजी! कोण मेलं एवढं जळतंय ह्यांच्यावर?"

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

दादानं माझा हात धरला. "माळ घेऊन बस इथं. तुझ्या जपानं बरं वाटतं रे."

मी बसलो. त्याचा हात सोडवला नाही, आणि पहिल्याच मण्यावर तेच शब्द आले.