मार्कर नॉर्मल होता

जपानातल्या कावासाकी स्टेशनात ताई एकदम खाली बसली आणि उठेचना. "पाय आहेत का बघ गं माझे, मला कळतच नाहीयेत," म्हणाली. माझ्या पोटाशी बाळ बांधलेलं, लोक वळसा घालून जातायत... मी भावजींना फोन लावला. ते म्हणाले, "घाबरवू नकोस तिला. आत्ताच मार्कर नॉर्मल आलाय."

शुभाताई माझी मोठी जाऊ. मी दहावी नापास, लग्न होऊन इथे आले तेव्हा कचरा वेगळा करायलासुद्धा तिनेच शिकवलं. "अगं बये, बाटलीचं झाकण वेगळं, जपान बुडवशील," म्हणायची. तिचं छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग दर तपासणीला रक्तातला तो मार्कर, कॅन्सरची चाहूल देणारा आकडा. आकडा वाढला नाही म्हणजे आजार परत येत नाही, असं भावजींनी घरात सांगून टाकलेलं. कॉम्प्युटरवर त्याची रेघ काढून, जेवायला आलेल्यांना टीव्हीवर दाखवायचे. रेघ सपाट, सगळे खूश, आणि ही आत एका हाताने कंबर धरून पोळ्या लाटतेय.

मी म्हटलं, "ताई, डॉक्टरला सांगा ना."

"तुझे भावजी म्हणतात, रेघेत काही नाही. माझ्या पाठीला कॉम्प्युटर येत नाही ना गं."

जपानी भावजींनाच येतं. डॉक्टरशी तेच बोलायचे, ती शेजारी नुसती बसायची.

त्या दिवशी स्टेशनातून हॉस्पिटलात नेलं, तिथे मला फोनवर हिंदी बोलणारी दुभाषी बाई जोडून दिली. कॅन्सर मणक्यात गेलेला. डॉक्टर म्हणाले, आकडा सगळ्यांचा वाढतोच असं नाही, म्हणून तर दर वेळी विचारायचो, कुठे दुखतं का. मिस्टर म्हणायचे, दाइजोबू, सगळं ठीक आहे... तिच्या पाठीचं भावजींनी परस्पर ठीक करून टाकलं! मला अजून झोपेत हाच शब्द ऐकू येतो, अंगाची आग होते.

ताई गेली. पुण्याहून तिचे बाबा आले. भावजी त्यांना सांगत होते, मार्कर शेवटपर्यंत नॉर्मल, कुणाला कळणार होतं. बाबा माझ्याकडे वळले. "तू रोज असायचीस तिच्याजवळ. तिला दुखत होतं का गं?"

माझ्या नवऱ्याने माझा हात दाबला. ताईची लेक इरा भावजींच्या मांडीवर बसलेली, त्यांचा शर्ट मुठीत धरून. आता तिला तेवढेच आहेत.

तुम्ही काय सांगितलं असतं?