राक्षसाच्या पोटातल्या तिघी

शाळेत मला बोबडी म्हणत. मी बोबडी नव्हते, अडखळत होते. पण एवढा फरक कोण मेलं समजून घेतंय! समोरच्याचे डोळे माझ्या ओठांवर आले, की पहिलंच अक्षर घशात रुतून बसे. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जाहीर करून टाकलं होतं, "स्नेहसंमेलन झालं की शाळा बंद. चारचौघांत हसं करून घेण्यापेक्षा घरात आईला मदत कर." आई पोळ्या लाटत राहिली. नानांपुढे तोंड उघडायची आमच्या कल्याणच्या घरात कुणाची टाप होती?

संमेलनात जादूचं नाटक होतं. राजकन्या जंगलात जाते, राक्षसाला मारते, वगैरे. बाईंनी गोऱ्यागोमट्या मुलींना पऱ्या केलं आणि उरलेल्या तिघींना राक्षसाच्या पोटात कोंबलं. बांबूच्या कामट्यांवर तरट चढवलेला तो राक्षस. पुढे एका पायाने अधू असलेली मुलगी, मध्ये मी आणि मागे निर्वासितांच्या छावणीतून येणारी सिंधी मुलगी, जिचं मराठी ऐकून वर्ग खिदळायचा. "राक्षस लंगडला तरी चालतं," बाई म्हणाल्या. असा संताप आला होता मला!

आत काळोख, उकाडा, खळीचा आंबूस वास. अंग वळवायलाही जागा नाही. काम एकच, डरकाळी फोडून मरायचं. बाकी वेळ करायचं काय? मी गोष्ट रचायला लागले: राक्षसाने गिळलेल्या तीन मुलींना त्याच्या पोटात एक अख्खं राज्य सापडतं. सिंधी मुलगी मागून सारखी "फिर? फिर?" करायची. एकदा पुढची म्हणाली, "अगं, तू अडखळत नाहीयेस!" खरंच की. तिथे माझं तोंड कुणाला दिसत नव्हतं.

संमेलनाच्या दिवशी राक्षस निघाला आणि विंगेतल्या दोन खांबांमध्ये गच्च अडकला. पुढे जाईना, मागे येईना. राजकन्या तलवार उपसून ताटकळली. लोक हसू लागले. पुढची रडकुंडीला आली. मी आतून ओरडले, "ए राजकन्ये, बघतेस काय? मी खांबांत अडकलोय! मारायचं असेल तर तूच ये चार पावलं!" सगळा मांडव खो खो हसला. मग काय, मी बोलतच सुटले.

नाटक संपल्यावर आम्ही तिघी तरटातून बाहेर पडलो, तोच नाना रंगमंचामागे आले. चक्क हसत होते. "राक्षसाचं कोण बोललं गं? काय खणखणीत वाणी!"

मी तोंड उघडलं. "म... म..." नानांचे डोळे माझ्या ओठांवर. त्यांचं हसू मावळलं. "राहू दे. चल घरी." संपलं सगळं, मला वाटलं. अंगातलं होतं नव्हतं ते बळ लावलं, तरी शब्द फुटेना.

तेवढ्यात सिंधी मुलीने आपली ओढणी माझ्या डोक्यावरून, चेहऱ्यावरून टाकली. दुसरीने माझा हात घट्ट धरला. "अब बोल."

"मी बोलले, नाना. मला शाळेतून काढू नका."

ओढणीखालून मला त्यांच्या वहाणा तेवढ्या दिसत होत्या. त्या जवळ आल्या. ओढणीला त्यांनी हात लावला नाही. हळूच विचारलं, "आणखी काय बोलायचं राहिलंय तुझं?"