कपाळावरचा हात

मी माझ्या सुनेच्या दुखण्याबद्दल खोटं बोललो. सातव्या महिन्यात तिचं डोकं असह्य दुखू लागलं, म्हणून तिला इस्पितळाच्या तातडीच्या विभागात नेलं. नुसती डोकेदुखी सांगितली तर ताटकळत ठेवतील, असं वाटून मी सिस्टरना ठणकावलं, "कळा सुरू झाल्यात, आधी हिला घ्या."

"बाबा, पण माझं डोकं..." ती पुटपुटली.

"तू गप बस. मी बोलतोय ना."

असंच वाढवून बोलत मी आयुष्यात पुढे आलो. तिलाही लगेच आत घेतलं आणि थेट प्रसूती विभागात धाडलं. तिथे पोट तपासून, कळा नाहीत म्हणत बाकावर बसवलं. तासभर ती कपाळ दाबून बसली होती. पोटाला तिने एकदाही हात लावला नाही. मला ते दिसत होतं, पण खोटं मागे घेणं जमेना.

शेवटी फरशी पुसणाऱ्या मावशींनी विचारलं, "पोरी, डोकं धरून का बसलीस?"

"डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, मावशी."

मावशी डॉक्टरांना घेऊन आल्या. रक्तदाब भलताच वाढलेला पाहताच धावपळ उडाली. आता ती डाव्या कुशीवर निजलीय, धोका अजून टळलेला नाही.

पोट दिसू लागलं की बाईचं बाकीचं अंग कुणाला दिसतच नाही बहुधा. त्या शिकलेल्या माणसांनी तिलाच का विचारलं नाही, याचं उत्तर मी त्यांच्याकडून घेणार आहे. पण तिला गप्प मी केलं. माझा मुलगा गावाहून निघालाय. तिला गप्प केल्याचा जाब तिने मला त्याच्यासमोर विचारावा.